तिरका टाका

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली, ती मशीन मांडून बसायची. जिन्याखाली म्हणजे अगदी जिन्याखालीच. वरून कुणी धाडधाड उतरलं की तिच्या केसांत धूळ पडायची, मग ती मशीन थांबवून वरच्या पायऱ्यांवर ओरडायची, "अहो, हळू जरा! खाली माणूस आहे!" पँटची चेन बदलायची, कंबर सैल करायची, पाय आखूड करायचे, असली तिची कामं. गल्लीने तिला 'चेनवाली' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. खरं नाव कुणी विचारलं नाही. भर रस्त्यात चेन तुटलेला माणूस नावगाव विचारत बसत नाही, त्याला दुसरी घाई असते.

आता शिवणकाम करणाऱ्याला पहिल्यांदा हवा असतो उजेड. तिथे उजेड यायचा मागच्या चौकातून, आणि ही बसायची गल्लीच्या तोंडाकडे बघत, म्हणजे स्वतःचीच सावली सुईवर. शेजारी किल्ल्या बनवणारे काका बसत. ते रोज डाफरायचे, "डोळे घालवून बसशील, बाई. फिरव की मशीन!"

"असू द्या काका, मला अशीच सवय आहे."

सवय कसली डोंबलाची! गल्लीत शिरणारा प्रत्येक माणूस तिला आधी दिसायला हवा होता. उंच, मानेत थोडा वाकलेला, गळ्यात टेप टाकलेला कुणी दिसला की तिचे पाय मशीनवरच थिजायचे. मग तो जवळ यायचा आणि कळायचं, टेप नव्हे, हेडफोनची वायर आहे. तो बिचारा आपली पँट पुढे करायचा आणि ही त्याच्याकडे भूत बघितल्यासारखी बघत राहायची. खोली भाड्याने घेतानाही तिने आधी विचारलं ते मागचं दार आहे का हे. नळाला पाणी किती वेळ येतं ते नंतर.

ज्याची इतकी धास्ती, तो तिचा नवरा. लांबच्या एका मोठ्या शहरात त्याचं शिवणाचं दुकान होतं आणि सगळं शहर त्याला मास्तर म्हणायचं. माप घ्यावं, कापावं ते मास्तरांनीच, यात वाद नाही. पण त्या दुकानाचं नाव झालं होतं ते हातशिलाईमुळे. कोटाच्या कडेला, खांद्याला, खिशाच्या तोंडाला एक तिरका टाका असायचा. तीन बारीक, चौथा लांब, आणि सगळे डावीकडे कललेले. लोक मुद्दाम तो बाहेर दिसेल असा घालून घ्यायचे, मिरवायचे. "मास्तरांचा तिरका टाका आहे हा," म्हणायचे.

मास्तरांचा! मास्तरांनी जन्मात तसा टाका घातला नव्हता. उजव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका कलतो तो उजवीकडे. हा कलायचा डावीकडे, कारण तो घालणारी डावरी होती आणि ती पडद्यामागच्या खोलीत बसलेली असायची. पडदा जाड होता. पुढे गिऱ्हाईक आलं की तिने खोकायचंही नाही, असा नियम. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच, आणि लेक झाल्यावर लेकीनेही रडायचं नाही, एवढी त्यात भर पडली.

एकदा एक गिऱ्हाईक हात धुवायला म्हणून चुकून पडद्याआड आलं. तिच्या मांडीवर कोट होता, हातात सुई. तो माणूस चकित होऊन म्हणाला, "अरे! हे तुम्ही करता होय?" आणि ही बोलून गेली, "हो, मीच." बस्स. इतकंच.

गिऱ्हाईक गेलं. मास्तर आत आले. आरडाओरडा नाही, काही नाही. अगदी सहज विचारलं, "कुठल्या हाताने करतेस? बघू." तिने हात पुढे केला. कापायच्या टेबलाचा खण उघडा होता. त्यांनी तिची बोटं खणाच्या काठावर ठेवली आणि रोज कात्री आत टाकून कमरेने खण लावायचे, तसाच लावला. पलीकडे लेक रिळांशी खेळत होती. लेक घाबरेल म्हणून ही बाई ओरडलीसुद्धा नाही. सांगताना माझ्याच जिभेला कोरड पडते, तिचं काय झालं असेल!

बोटं पुन्हा वाकायला लागल्यावर ती लेकीला घेऊन निघाली ती निघालीच. मास्तर तिच्या भावाच्या दारात जाऊन बसले. जाताना निरोप ठेवून गेले, "तिला सांगा, पुढच्या वेळी खण नसेल, कात्री असेल." भावाने फोनवर तो निरोप जसाच्या तसा सांगितला आणि वर म्हणाला, "तू इकडे येऊ नकोस, ताई. आमची लहान लहान पोरं आहेत." त्यानंतर तिने फोनच बदलला. लेक तेव्हा सात वर्षांची होती. आता सोळाची, आईच्या डोक्यावरून हात फिरवण्याइतकी उंच.

घरात एकच कायदा होता, फोटो काढायचा नाही. शाळेच्या फोटोत लेक दरवर्षी नेमकी बुटाची नाडी बांधायला वाकलेली. मैत्रिणी चिडवायच्या, "हिचा तेवढा भांग छान येतो फोटोत." का काढायचा नाही, हे आईने नीट कधी सांगितलं नाही. "तुझे बाबा रागीट आहेत" यापलीकडे गाडी जायची नाही.

आता एका जाकिटाची गोष्ट. पँट आखूड केली की खालच्या पट्ट्या उरतात. गिऱ्हाईक त्या नेत नाही, ह्या बाईला त्या टाकवत नाहीत. पोतं भरलं होतं. करड्या, निळ्या, तपकिरी, रेघांच्या, चौकटीच्या, म्हणजे सगळ्या गल्लीच्या पायाखालचं कापड म्हणा ना. त्या थंडीत लेकीला जाकीट हवं होतं. आईने पट्ट्या जोडायला घेतल्या. गिऱ्हाइकाच्या कपड्याला तिने इथे कधीच हातशिलाई केली नव्हती, सगळं मशीनवर, कानाला खडा. पण हे तर पोरीचं. कोण बघतंय? हात किती वर्षं शिवशिवत होते. लाल, पिवळा, हिरवा दोरा घेतला आणि पट्टीला पट्टी जोडत गेली. तीन बारीक, चौथा लांब. पाठीवर तर नुसता टाक्यांचा पाऊस पाडला.

जाकीट बघून किल्लीवाले काका उठून उभेच राहिले. लेकीच्या खांद्याजवळची एक काळपट पट्टी बोटाने दाबून म्हणाले, "ही माझी! माझ्या साडूच्या मुलाच्या लग्नातली पँट! बघा, माझे पाय पोरीच्या खांद्यावर चढले!" गल्ली हसली. चेनवालीही हसली. तिला हसताना बघून काकांनाच जरा चुकल्यासारखं झालं.

आणि मग ती फोटोवाली आली.

केस बारीक कापलेली, पाठीला पिशवी लावलेली ही तरुण मुलगी पुलाच्या टोकाशी उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे बघायची. तुमच्याआमच्या तोंडाकडे तिचं लक्षच नसायचं. कुणी काही वेगळं, स्वतः शिवलेलं, जोडलेलं, रंगवलेलं घातलं की ती धावत जायची, "थांबा ना, एकच फोटो!" मोडक्या छत्र्यांच्या कापडाचा रेनकोट शिवून घालणारा भाजीवाला, पांढऱ्या बुटांवर औषधांच्या गोळ्यांची चित्रं काढलेली नर्स, वडिलांच्या कोटाला स्वतःच्या बाळाच्या दुपट्याचं अस्तर लावलेला बसचा ड्रायव्हर, असे तिने शोधून काढले होते. मोठ्या दुकानांच्या काचेत बघण्यासारखं काही नाही, खरे कलाकार रस्त्यावर चालतात, असं ती भेटेल त्याला ऐकवायची. तिने लेकीला गाठलं पुलावर.

लेक उड्या मारत घरी आली. "आई, माझा फोटो काढला! रागावू नकोस, पाठमोरा काढला. मीच सांगितलं, तोंड नाही दाखवणार. बघ, मी किती हुशार!"

आईने झडप घालून फोन घेतला. फोनवरचं ते चित्र बघितलं. पाठ, वेणी, मागे पूल. तोंड खरंच कुठे नव्हतं. "बरं," ती म्हणाली, "पण पुन्हा नको हं." आणि त्या रात्री झोपलीही शांत.

आठवडाभराने बाजारातून येताना ती वाचनालयाच्या भिंतीपाशी आली आणि हातातली पिशवी खाली पडली. भिंतीवर फोटोवालीने आपले फोटो मोठे करून डकवले होते. छत्रीवाला, नर्स, ड्रायव्हर. आणि मधोमध, दारापेक्षा उंच, ते जाकीट. हा फोनवरचा फोटो नव्हता, त्याच वेळी काढलेला दुसरा होता; यात वेणी खांद्यावरून पुढे गेली होती आणि उरली होती फक्त पाठ. दोऱ्याचा पीळसुद्धा मोजता यावा इतकी स्वच्छ. तीन बारीक, चौथा लांब. सगळे डावीकडे.

तोंड लपवलं, आणि हे उघडं टाकलं! जगात तिला तोंडावरून ओळखणारी माणसं किती असतील? पण ह्या टाक्यावरून तिला ओळखणारा एक माणूस पक्का होता. आधाराला म्हणून भिंतीला हात टेकला तर तो नेमका चित्रातल्याच टाक्यांवर पडला, आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. शेजारी दोन बायका फोटोचा फोटो काढत होत्या. "सगळ्यांना पाठवते," एकीने दुसरीला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी फोटोवाली जिन्याखाली हजर. "मावशी, ते जाकीट तुम्ही शिवलंय ना? मी कारागीरही शोधतेय. रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. ज्यांनी कपडे बनवले त्यांना मानाने बसवायचंय, लोकांना त्यांचं काम दाखवायचंय."

चेनवालीने मशीनचं चाक फिरवायला घेतलं. "मी? छे हो. मला कुठलं जमायला? मी आपली चेन बदलते. जुन्या बाजारात मिळालं ते. आयतंच."

पलीकडे काकांनी कानस खाली ठेवली. स्वतःच्या पँटची पट्टी ते विसरले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, पण चेनवालीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी ते मिटलं आणि पुन्हा किल्ली घासायला घेतली.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सुई बोटात घुसायची. कुणी मोठ्याने "मावशी!" म्हटलं तरी दचकायची. लेकीला शाळेत सोडायला जायला लागली, सोळा वर्षांच्या घोडीला! लेक लाजून लाल. जाकीट तिने कपाटाच्या तळाशी कोंबलं, त्यावर चादरी रचल्या. तरी दार उघडलं की तिला वाटायचं, ते दिसतंय.

शनिवारी दुपारी फोटोवाली पुन्हा आली, ती आनंदाने फुललेली. "मावशी, सापडले! जाकीट शिवणारे सापडले! फोटो फिरत फिरत त्यांच्या शहरात गेला, आणि तिथल्या कितीतरी लोकांनी मला कळवलं, हा तर आमच्या मास्तरांचा टाका. मग स्वतः मास्तरांचाच फोन. म्हणाले, असा टाका दुसऱ्या कुणाला जमणं शक्य नाही. आता डोळे अधू झालेत म्हणून हाताचं काम सोडलंय त्यांनी, पण उद्या येतायत. तुम्हीही म्हणालात ना जुन्या बाजारात मिळालं? कसं बरोबर जुळलं!"

जुळलं खरंच. हिनेच भीतीपोटी जाकीट वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांनी ते अलगद झेललं.

"माझ्याबद्दल... काही बोललात त्यांच्याशी?" तिने विचारलं.

"सांगितलं ना! स्टँडच्या मागे दुरुस्तीचं काम करणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्या मुलीच्या अंगावर होतं म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. फक्त विचारलं, मुलगी केवढी आहे."

फोटोवाली आणखी काही बोलत होती. चेनवालीला तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

घरी जाऊन तिने बॅग काढली. लेक शाळेतून आली तेव्हा अर्धी भरून झाली होती. "उद्या सकाळची गाडी," आई म्हणाली. "कुठली?" "जी आधी लागेल ती."

"मी नाही येणार." लेक दारातच उभी. "माझी परीक्षा आहे. माझ्या मैत्रिणी आहेत. बाबा रागीट आहेत, बाबा रागीट आहेत, किती वर्षं हेच! कुणाचे बाबा रागावत नाहीत? काय केलं त्यांनी असं?"

तेव्हा आई खाली बसली आणि तिने सांगितलं. पडदा, गिऱ्हाईक, "हो, मीच", आणि खण. सांगताना ती लेकीकडे बघत नव्हती, बॅगेच्या चेनकडे बघत होती. लेक दारातून आत आली आणि निमूटपणे स्वतःचे कपडे बॅगेत भरायला लागली. आईला वाटलं, चला, समजलं पोरीला.

पहाटेच्या गाडीने निघाल्या असत्या तर सुटल्याही असत्या. पण ह्या बाईच्या डोक्यात काय, तर लोकांच्या पँटी! जिन्याखाली दुरुस्तीला आलेल्या अकरा-बारा पँटी पडल्या होत्या. कुणाला मुलाखतीला जायचंय, कुणाकडे दुसरी पँटच नाही. जीव मुठीत धरून पळताना माणूस पँटींचा विचार करतं का? हिने केला. धंद्याची खोड, दुसरं काय. दुसऱ्याचं कापड आपल्याकडे ठेवून जायचं नाही. सकाळी ती जिन्याखाली गेली, राहिलेल्या दोन चेन बसवल्या आणि गठ्ठा काकांच्या ताब्यात दिला. "माणसं आली की द्याल ना? मी जरा बाहेरगावी चाललेय."

"देतो. पोरगी गेली पुढे, तू कधी जाणार?"

"कुठे पुढे?"

"हॉलला गं. मघाशी तू चेन बसवत होतीस तेव्हा तुझ्या पाठीमागून, चौकातून गेली. ते जाकीट घालून. माझ्या पट्टीला नमस्कार करून गेली."

ती धावली. चप्पल तुटली ती तिथेच टाकली. वाटेत कुणाला धडकली, कोण काय म्हणालं, काही कळलं नाही. डोळ्यांपुढे फक्त खणाचा तो काठ. आणि त्यावर ठेवलेली बोटं लेकीची.

हॉल भरला होता. भिंतींवर फोटो, फोटोंखाली खुर्च्या, खुर्च्यांवर कारागीर. छत्रीवाला भाजीवाला लोकांना रेनकोट उलटा करून दाखवत होता, माणसं टाळ्या वाजवत होती. आणि त्या पलीकडे, आपल्या खुर्चीपुढे उभे, मास्तर. केस पिकलेले, मान तशीच वाकलेली, गळ्यात टेप. त्यांच्या शेजारी लेक उभी होती, लोकांकडे पाठ करून. मास्तरांचा एक हात तिच्या खांद्यावर होता. दुसऱ्या हाताच्या बोटाने ते तिच्या पाठीवरचे टाके दाखवत होते. "हे बघा. तीन बारीक, चौथा लांब. आयुष्य गेलं ह्यात. वळ गं बाळ जरा. अशी."

लेकीचा चेहरा आईला बाजूने दिसला. पांढराफटक. पोरगी आली होती ती सगळ्यांसमोर त्यांना जाब विचारायला, रात्रभर वाक्यं जुळवून. आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवून कानाशी वाकून हळूच एवढंच म्हटलं होतं, "किती मोठी झालीस." त्यानंतर तिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता.

चेनवाली दारात उभी. तिला कुणी बघितलं नव्हतं. तिच्या सगळ्या अंगाला पळायचंच वळण होतं, पण पाय पुढे गेले, मागे नाही. गर्दीतून वाट काढत ती खुर्चीपर्यंत पोचली. मास्तरांनी वर बघितलं. टाक्यांवरचं बोट थांबलं.

"अरे, मावशी आल्या!" फोटोवाली आनंदाने पुढे आली. "मास्तर, ह्याच त्या. ह्यांच्या मुलीनेच हे... तुमची ओळख आहे का एकमेकांची?"

मास्तरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. अनवाणी पायांवर नजर जरा रेंगाळली. मग लोकांकडे वळून हसले. "नाही हो. मी ह्या बाईंना ओळखत नाही."

आता बघा गंमत. इतकी वर्षं ही बाई देवाकडे काय मागत होती? ह्या माणसाने आपल्याला ओळखू नये. आणि तो भर सभेत, माणसांच्या साक्षीने सांगत होता, ओळखत नाही म्हणून. तिला त्यातला सौदा लख्ख कळला. टाका त्यांचा, आयुष्य तिचं. तिने मूग गिळून लेकीचा हात धरायचा आणि जायचं. ते मागे येणार नाहीत. कसे येतील? ही आपली बायको म्हटलं की टाका कुणाचा, हा प्रश्न आला. दार मागे उघडंच होतं. सकाळची गाडी गेली असली तरी दुपारची होती.

लेक तिच्याकडे बघत होती. मास्तरांचा हात अजून तिच्या खांद्यावर होता, किल्लीवाल्या काकांच्या पट्टीवर.

चेनवालीचे दात एकमेकांवर वाजत होते. तिने ते दाबून धरले, मग सोडले.

"मी ओळखते ह्यांना," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की पुढच्या दोघांनाच ऐकू गेला. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "मी ओळखते. ह्यांच्या दुकानात पडद्यामागे बसून मी शिवायचे. हे माझे नवरे. ही ह्यांचीच मुलगी. आणि जाकीट मी शिवलंय. जुन्या बाजारातलं नाही ते, मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती."

मास्तर हसले, तेच गिऱ्हाइकांसाठी राखलेलं हसू. "बाई आजारी दिसतायत. कुणी पाणी द्या त्यांना."

"पाणी नको. सुईदोरा आहे का कुणाकडे?"

छत्रीवाल्या भाजीवाल्याने आपल्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली, लाल दोरा ओवला आणि तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. "ह्यांना द्या आधी," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर तिचा हात त्या क्षणी असा थरथरत होता की तिला एक सरळ टाकाही घालता आला नसता, तिरका तर सोडाच. पण तिच्यावर ती वेळच आली नाही. भाजीवाला सुई धरून मास्तरांपुढे उभा राहिला. मास्तर म्हणाले, डोळे अधू आहेत. नर्स म्हणाली, माझा चष्मा घ्या. लोक थोडे पुढे सरकले. मास्तरांनी लेकीच्या खांद्यावरचा हात काढला आणि दोन्ही हात खिशात घातले.

"मास्तर?" फोटोवालीने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

मास्तर गर्दीतून निघाले आणि जाता जाता चेनवालीच्या अगदी जवळून गेले. तिच्या कानाशी वाकले आणि हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटले. लेकीने बघितलं, आईचे खांदे आकसले, मान आत गेली.

मग ती मान वर आली. "काय म्हणालात?" आईने विचारलं. "मोठ्याने म्हणा. कात्रीचं काय म्हणालात ते सगळ्यांना ऐकू दे."

सगळा हॉल मास्तरांकडे बघत होता. छत्रीवाला त्यांच्या वाटेत उभा होता, नर्स होती, तो ड्रायव्हरही आडवा येऊन उभा राहिला होता. कुणी हात उगारला नाही. मास्तर बाजूने वाट काढून बाहेर गेले. ड्रायव्हर त्यांच्या मागे दारापर्यंत गेला आणि ते रस्ता ओलांडेपर्यंत बघत राहिला.

चेनवाली होती तिथेच, मास्तरांच्या मोकळ्या झालेल्या खुर्चीवर बसली. भीती काही कुठे गेली नव्हती. ते परत येतील, खोली शोधतील, मागचं दार शोधतील, सगळं तिला दिसत होतं. फोटोवाली समोर गुडघ्यांवर बसून विचारत होती, पोलिसांकडे जाऊ या का, तुम्हाला आज रात्री कुठे थांबायचंय. ती मान हलवत होती, हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळत नव्हतं.

लेक तिच्या पायाशी जमिनीवर बसली. आईचा डावा हात तिने मांडीवरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो अजून थरथरतच होता, आणि लेक तो सोडायला तयार नव्हती.